कार्बन प्रकल्पांच्या कार्यपद्धती कशा बदलतात? नव्याने कामाला लागलेल्यांसाठी वाटाड्या

कार्बन प्रकल्पाच्या कामाला नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती एक जाडजूड पीडीएफ पडते. "ही मेथडॉलॉजी. वाचून काढ," एवढंच सांगितलं जातं. तो पहिल्या पानापासून सुरुवात करतो, व्याख्यांमध्ये गुंततो आणि समीकरणांपाशी पोचेपर्यंत थकून जातो. मीही असंच वाचायला बसलो होतो. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, शेवटचं पान आधी उघडा. तिथे एक छोटा तक्ता असतो: आवृत्ती, तारीख, काय बदललं. त्या चार ओळी नीट समजल्या तर आधीची साठ पानं का लिहिली गेली हे कळायला लागतं.

मेथडॉलॉजीला मराठीत कार्यपद्धती म्हणू. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तेवढाच ताप वाढवणारा दुसरा वायू हवेत जाण्यापासून रोखला, किंवा हवेतून काढून घेतला. प्रकल्प ती क्रेडिट विकून पैसे मिळवतो. अमुक प्रकल्पाने किती टन रोखले हे कुणालाच थेट दिसत नाही, कारण त्यासाठी न घडलेली गोष्ट मोजावी लागते. प्रकल्प नसता तर काय झालं असतं, या कल्पनेतल्या परिस्थितीला बेसलाइन म्हणतात. बेसलाइन कशी ठरवायची, प्रकल्प क्रेडिटच्या पैशाशिवाय उभा राहिलाच असता का (ही अतिरिक्ततेची कसोटी), काय आणि किती वेळा मोजायचं, प्रकल्पामुळे दुसरीकडे कुठे उत्सर्जन वाढतंय का (ही गळती), हे सगळं कार्यपद्धती ठरवून देते. थोडक्यात, न घडलेलं मोजण्याबद्दल अनेकांनी मिळून केलेला तो करार आहे. ज्या माहितीवर तो केला ती माहिती बदलली की करारही बदलावा लागतो.

बदल का होतात, हे आधी समजून घ्या

कारणं मुख्यतः चार प्रकारची असतात. समोर आलेली सुधारणा त्यातल्या कोणत्या प्रकारची आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

सगळ्यात सोपं कारण विज्ञानातले आकडे. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट ताप वाढवतो? क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान-कराराच्या पहिल्या टप्प्यात हा गुणक २१ होता, २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यासाठी २५ झाला, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-विज्ञान मंडळाच्या पाचव्या अहवालात तो २८ आहे. कचरा डेपोतून निघणारा एक हजार टन मिथेन जाळला, तर ढोबळमानाने पहिल्या गुणकाने २१,००० टनांचं श्रेय मिळतं आणि शेवटच्याने २८,००० टनांचं. यंत्र तेच, वायूही तेवढाच, फक्त गुणक बदलला. अशी सुधारणा शांतपणे होते, तिच्यावर वाद होत नाहीत.

दुसरं कारण, जग पुढे गेलं. एसीएम०००२ ही ग्रिडला जोडलेल्या अक्षय ऊर्जेची कार्यपद्धती २००४ मध्ये मंजूर झाली. तेव्हा पवनचक्की किंवा सौर प्रकल्प उभा करायला क्रेडिटच्या पैशाचा आधार लागतो, हा युक्तिवाद बऱ्याच ठिकाणी खरा होता. पुढे हीच वीज इतकी स्वस्त झाली की क्रेडिट नसतं तरी प्रकल्प झालाच असता, असं अनेक ठिकाणी म्हणता येऊ लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीव्हीसीएम या स्वेच्छा बाजारासाठीच्या (म्हणजे कायद्याची सक्ती नसताना जिथे क्रेडिट घेतली जातात त्या बाजारासाठीच्या) दर्जा-परिषदेने अक्षय ऊर्जेच्या आठ कार्यपद्धतींना आपला दर्जाशिक्का नाकारला. अतिरिक्ततेची कसोटी पुरेशी कडक नाही, हे त्यामागचं कारण होतं. सुमारे २३.६ कोटी क्रेडिट या निर्णयाखाली आली. त्या कार्यपद्धतींतल्या समीकरणांत एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. त्यांच्या भोवतालचं जग बदललं होतं.

तिसरं कारण म्हणजे पळवाट. याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण एएम०००१ चं आहे. क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेची, म्हणजे सीडीएमची, ही क्रमांकाने पहिली कार्यपद्धती. शीतकरणासाठी लागणारा एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. तेव्हाच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापदायक होता. तो जाळून टाकला की प्रत्येक टनामागे हजारो क्रेडिट मिळत आणि जाळण्याचा खर्च त्यापुढे नगण्य होता. परिणाम असा झाला की टाकाऊ वायूच मुख्य उत्पादनापेक्षा जास्त कमाई करून देऊ लागला. मग तो कमी निघावा यासाठी कारखाना कशाला झटेल? उलट काही ठिकाणी तो निघण्याचं प्रमाण क्रेडिट मिळण्याच्या मर्यादेपाशी जाऊन टेकल्याचं आणि मर्यादा संपली की खाली आल्याचं आकडेवारीत दिसलं. २०१० मध्ये एका नागरी संस्थेने रीतसर सुधारणेचा अर्ज केला, कार्यपद्धती स्थगित झाली आणि २०११ च्या अखेरीस नवी आवृत्ती आली. मान्य होणारं टाकाऊ वायूचं प्रमाण एचसीएफसी-२२ च्या जास्तीत जास्त ३ टक्के होतं, ते १ टक्क्यावर आणलं गेलं. युरोपीय महासंघाने तर २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट घेणंच बंद केलं. ही सुधारणा सरकारने किंवा कंपनीने मागितली नव्हती, आकडे बारकाईने वाचणाऱ्या बाहेरच्या लोकांनी मागितली होती. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा मुळापासून वाचावं असं मला मनापासून वाटतं.

चौथं कारण धोरणाचं. २०१५ च्या पॅरिस करारातल्या सहाव्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदाखाली नवी क्रेडिट यंत्रणा उभी राहते आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत तिचे नियम ठरले. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की बेसलाइन नेहमीच्या वाटचालीपेक्षा खाली असली पाहिजे आणि महत्त्वाकांक्षा काळाबरोबर वाढत गेली पाहिजे. म्हणजे वेळोवेळी कडक होत जाणं हा इथे अपवाद उरलेला नाही, तो नियमाचाच भाग आहे. जुन्या सीडीएमच्या कार्यपद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, त्या नव्या कसोट्यांवर घासून घ्याव्या लागतात.

पायरी पहिली: बदल नेमका कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्या दुरुस्त्या सारख्या नसतात, आणि यात गल्लत केली तर पुढचं सगळं चुकतं. शुद्धिपत्रक म्हणजे छापील चूक सुधारणं: एकक चुकलं, चिन्ह उलटं पडलं. खुलासा म्हणजे नियम तोच, पण त्याचा अर्थ एकदा स्पष्ट करून सांगणं. सुधारणा म्हणजे नियमच बदलणं. ती किरकोळ असेल तर आवृत्तीच्या क्रमांकात टिंबानंतरचा आकडा बदलतो, मोठी असेल तर टिंबाआधीचा. एकत्रीकरण म्हणजे अनेक कार्यपद्धती मिळून एक करणं. सीडीएममध्ये क्रमांकाच्या सुरुवातीला एसीएम दिसलं तर ती अशी एकत्रित कार्यपद्धती असते. आणि शेवटी कार्यपद्धती मागे घेणं. व्हेरा या स्वतःचा क्रेडिट-कार्यक्रम चालवणाऱ्या मानक-संस्थेने भातशेतीतल्या मिथेनसाठी वापरली जाणारी सीडीएमची एक कार्यपद्धती आपल्या कार्यक्रमात मार्च २०२३ मध्ये बंद केली आणि नंतर स्वतःची नवी तयार केली.

याशिवाय एक गोष्ट आहे जी सुधारणेसारखी दिसते पण सुधारणा नाही. तिला डेव्हिएशन म्हणतात. एखाद्या प्रकल्पाला मोजमापाची ठरलेली रीत जमत नसेल तर तेवढ्यापुरती वेगळी रीत वापरण्याची परवानगी तो मागू शकतो. व्हेराच्या नियमांत ही मुभा फक्त मोजमाप आणि देखरेखीपुरती आहे, आणि त्यामुळे हिशेबातला सावधपणा कमी होता कामा नये अशी अट आहे. बेसलाइन किंवा अतिरिक्ततेच्या कसोटीला डेव्हिएशनच्या नावाखाली हात लावता येत नाही. एका प्रकल्पाला मिळालेलं डेव्हिएशन दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. "त्यांना मिळालं, आपल्यालाही चालेल" हे वाक्य तुमच्या कार्यालयात ऐकू आलं तर तिथल्या तिथे थांबवा.

पायरी दुसरी: दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा, आणि आकडा स्वतः काढा

मंजूर कार्यपद्धतीबरोबर बहुतेकदा बदलांच्या खुणा असलेली प्रतही मिळते. ती नसेल तर दोन्ही आवृत्त्या शब्दप्रक्रियेच्या प्रोग्राममध्ये टाकून तुलना करा. पण लाल अक्षरं पाहून थांबू नका. कधीकधी चार पानं लाल असतात आणि क्रेडिटवर काहीच फरक पडत नाही. कधी एका कोष्टकातला एकच आकडा बदललेला असतो आणि प्रकल्प निम्म्याहून कमी होतो.

सुधारित चुलींचं उदाहरण घेऊ, कारण ते हाताने करून पाहता येतं. सीडीएमच्या एएमएस-टू-जी या कार्यपद्धतीचा गाभा असा: चुलीने किती सरपण वाचवलं, त्यातलं किती सरपण निसर्ग पुन्हा भरून काढू शकला नसता, आणि तेवढं जाळल्याने किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. मधला आकडा कळीचा आहे. जंगल स्वतःहून वाढवून देतं तेवढंच लाकूड तोडलं तर हवेत कायमची भर पडत नाही. त्याच्या वरचं लाकूडच हिशेबात धरायचं.

समजा एका चुलीने वर्षाला दोन टन लाकूड वाचवलं. हे उदाहरणापुरतं धरलं आहे. आयपीसीसीच्या आकड्यांप्रमाणे एक टन लाकडात ०.०१५६ टेराज्यूल ऊर्जा, आणि एका टेराज्यूलमागे ११२ टन कार्बन डायऑक्साइड. गुणाकार केला की सुमारे साडेतीन टन येतात. आता मधला आकडा लावा. पूर्वी बऱ्याच देशांसाठी हा वाटा ८० टक्क्यांच्या वर धरला जायचा. ८५ टक्के धरला तर एका चुलीमागे वर्षाला जवळपास तीन क्रेडिट. पुढे जंगलाची वाढ आणि सरपणाची मागणी यांचे नकाशे जोडून केलेल्या अभ्यासांतून हा वाटा बऱ्याच ठिकाणी त्याहून पुष्कळ कमी असल्याचं दिसलं, आणि सीडीएमने ३० टक्क्यांचा सावध पर्याय दिला. तो लावला की त्याच चुलीमागे फक्त एक क्रेडिट उरतं. दहा हजार चुलींच्या प्रकल्पात २९,७०० आणि १०,५०० यांतला हा फरक आहे. घरात चूल तीच, स्वयंपाक करणारी बाई तीच, धूरही तेवढाच कमी झाला.

म्हणून प्रत्येक सुधारणा आली की मी एक छोटी कोष्टकवही उघडतो. एकच काल्पनिक प्रकल्प, तेच इनपुट. डाव्या रकान्यात जुनी आवृत्ती, उजव्यात नवी. एकेक बदल एका वेळी लावायचा आणि प्रत्येकाने किती क्रेडिट हलली ते लिहायचं. सगळे बदल एकदम लावले तर एकाने वाढवलेलं दुसऱ्याने कमी केलेलं असतं आणि खरी गोष्ट झाकली जाते. या कामाला अर्धा दिवस जातो. मला माहीत असलेला सगळ्यात उपयोगी अर्धा दिवस तोच.

सोबत जोडलेली साधनंही तपासायला विसरू नका. कार्यपद्धती स्वतः न बदलता तिने बोट दाखवलेलं साधन बदलू शकतं. उदाहरणार्थ, सीडीएमचं टूल०७ ग्रिडमधली एक युनिट वीज किती कार्बन सोडते ते काढतं. त्यात दोन आकड्यांची सरासरी असते: एक आज चालणाऱ्या वीजकेंद्रांचा, दुसरा अलीकडे उभारलेल्या केंद्रांचा. पवन आणि सौर प्रकल्पांना पहिल्याचं वजन ७५ टक्के, दुसऱ्याचं २५. इतर प्रकल्पांना पहिल्या क्रेडिटिंग कालावधीत (क्रेडिट मिळण्याच्या ठरलेल्या काळात, जो नंतर नूतनीकरण करून वाढवता येतो) निम्मंनिम्मं, पण दुसऱ्या कालावधीपासून पहिल्याचं २५ आणि दुसऱ्याचं ७५. आजच्या केंद्रांचा आकडा ०.९ आणि नव्यांचा ०.५ असेल, तर एखाद्या जलविद्युत प्रकल्पाचा आकडा ०.७ वरून नूतनीकरणाच्या वेळी ०.६ वर येतो. काळ पुढे गेला की प्रकल्पाने जुन्या केंद्राला थोडं थांबवलं यापेक्षा नवं केंद्र उभं राहू दिलं नाही हे जास्त खरं, असा त्यामागचा विचार आहे. मला हा विचार फार आवडतो. काळाचं भान समीकरणात इतक्या साधेपणाने आणलेलं क्वचितच दिसतं.

पायरी तिसरी: तारखांचा तक्ता करा

नवी आवृत्ती लागू झाली म्हणून जुनी त्याच दिवशी मरत नाही. मध्ये सवलतीची मुदत असते. सीडीएममध्ये ती दीर्घकाळ आठ महिने, नंतर २४० दिवस अशी राहिली. इतर कार्यक्रमांत ती वेगळी असते, आणि एखादी सुधारणा तातडीची असेल तर मुदत नसूही शकते. मुदत किती, यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्या मुदतीच्या आत नेमकं काय घडलेलं असायला हवं.

इथेच माझी मोठी चूक झाली होती. आम्ही जुन्या आवृत्तीवर प्रकल्प-अहवाल लिहिला होता. मुदतीच्या आत व्हॅलिडेशन, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून होणारी पहिली तपासणी, सुरू झाली की आपण सुरक्षित, अशी माझी समजूत. तपासणी वेळेत सुरू झालीही. पण अट होती नोंदणीचा अर्ज दाखल होण्याची, आणि तपासणीचे प्रश्न-उत्तरं करता करता ती तारीख उलटून गेली. बेसलाइन नव्या आवृत्तीप्रमाणे पुन्हा काढावी लागली, कागदपत्रं पुन्हा तपासणीला गेली आणि पाच महिने गेले. नियमात शब्द स्पष्ट होते. मी ते वाचले होते, पण तारखेसमोर कोणतं क्रियापद आहे ते पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी तारीख एकटी लिहीतच नाही. "अर्ज दाखल", "तपासणी पूर्ण", "करार झाला", यांतलं जे असेल ते तिच्या शेजारी लिहितो.

आधीच नोंदवलेल्या प्रकल्पांचं काय? साधारण रीत अशी की चालू क्रेडिटिंग कालावधी संपेपर्यंत ते जुन्या आवृत्तीवर चालतात आणि नूतनीकरणाच्या वेळी तेव्हाची लागू आवृत्ती घ्यावी लागते. सीडीएममध्ये हा कालावधी सात वर्षांचा आणि दोनदा नूतनीकरण, किंवा एकदाच दहा वर्षांचा होता. झाडं लावण्याच्या प्रकल्पांना वीस किंवा तीस वर्षं. पॅरिस कराराच्या नव्या यंत्रणेत तो आणखी आखूड केला आहे: जास्तीत जास्त पाच वर्षं आणि दोनदा नूतनीकरण, किंवा जास्तीत जास्त दहा वर्षं एकदाच. कार्बन शोषून घेणाऱ्या प्रकल्पांना पंधरा वर्षं, दोनदा नूतनीकरणासह. मला ही दिशा योग्य वाटते. वीस वर्षांपूर्वीच्या समजुतीवर आज क्रेडिट देत राहणं घेणाऱ्यावरही अन्याय आहे आणि हवेवरही. गुंतवणूकदाराला स्थैर्य हवं असतं हे खरं आहे, पण ते स्थैर्य आकडा खरा असण्याच्या किमतीवर मागता येणार नाही.

एकदा दिलेली क्रेडिट सुधारणेमुळे सहसा रद्द होत नाहीत. बाजारात मात्र त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलते. त्यामुळे विकत घेणाऱ्यांसाठी काम करत असाल तर क्रेडिटच्या नोंदीत कार्यपद्धतीबरोबर आवृत्तीचा क्रमांकही मागून घ्या.

पायरी चौथी: मंजुरीचा रस्ता माहीत करून घ्या

तपशील प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे, पण वळणं सारखी असतात. आधी एक छोटं टिपण: काय बदलायचं आहे आणि का. कार्यक्रमाने होकार दिला की मसुदा. मग मसुदा हरकती-सूचनांसाठी सर्वांसमोर ठेवला जातो, व्हेराकडे साधारण तीस दिवस. त्यानंतर स्वतंत्र तपासणी-संस्था किंवा तज्ज्ञ-मंडळ तो तपासतं. शेवटी निर्णय. सीडीएममध्ये कार्यपद्धती-पॅनल शिफारस करायचं आणि दहा सदस्यांचं कार्यकारी मंडळ ठरवायचं. पॅरिस कराराच्या यंत्रणेत पद्धतितज्ज्ञांचं पॅनल आणि त्यावर बारा सदस्यांचं पर्यवेक्षक मंडळ आहे.

मसुदा कोण आणतं, याकडे लक्ष ठेवा. पूर्वी बहुतेक मसुदे प्रकल्प करणाऱ्यांकडूनच यायचे. त्यांना जमिनीवरची अडचण ठाऊक असते, म्हणून त्यांचा मसुदा वापरण्याजोगा होतो. पण ज्याला क्रेडिट मिळणार त्यानेच मोजपट्टी आखायची, यात हितसंबंध उघड आहे. जंगलतोड रोखण्याच्या प्रकल्पांमध्ये हे फार जाणवलं. आसपासचं कोणतं जंगल तुलनेला घ्यायचं हे प्रकल्पवालाच निवडायचा, आणि वेगाने तुटणारं जंगल निवडलं की आपण वाचवलेलं जंगल मोठं दिसायचं. व्हेराने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेल्या व्हीएम००४८ ने ही निवड प्रकल्पवाल्याच्या हातून काढून घेतली. संपूर्ण प्रदेशाची जंगलतोडीची आकडेवारी एकत्र करून त्यातून प्रत्येक प्रकल्पाच्या वाट्याचा धोका ठरवायचा, अशी रचना केली. या एका बदलाकडे नीट पाहिलं तर चांगली सुधारणा कशी असते ते कळतं: ती माणसाला प्रामाणिक राहा असं सांगून थांबत नाही, फुगवायला जागाच ठेवत नाही.

पायरी पाचवी: हरकती-सूचना पाठवा

नवखे लोक इथे मागे राहतात. "आपण कोण सांगणारे?" असं वाटतं. पण मसुदा वाचून क्षेत्रावर जाऊन आलेला माणूस त्या मसुद्याला हवाच असतो. फक्त सूचना कामाची असली पाहिजे.

चुलींच्याच मसुद्यात समजा असं लिहिलं आहे: घरोघरी विचारून चूल वापरात आहे की नाही ते दोन वर्षांतून एकदा नोंदवावं. यावर "ही पद्धत विश्वासार्ह नाही" एवढंच लिहून पाठवलं तर उत्तर येईल, "नोंद घेतली." त्याऐवजी असं लिहा:

"परिच्छेद २७. वापराचा दर केवळ मुलाखतीवर ठरवला आहे. विचारणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर देण्याकडे लोकांचा कल असतो, शिवाय नव्या चुलीबरोबर जुनी चूलही चालू असते, आणि मुलाखतीतला प्रश्न त्याबद्दल विचारतच नाही. सुचवलेला मजकूर: नमुन्यातल्या घरांपैकी ठरावीक घरांत तापमान नोंदवणारं उपकरण ठेवावं, दोन्ही चुलींच्या नोंदी घ्याव्यात, आणि मुलाखतीतला दर उपकरणाच्या दरापेक्षा जास्त आला तर कमी असलेला दर वापरावा. परिणाम: आमच्या नमुना-हिशेबात वापर ९० टक्क्यांवरून ७० वर आला तर क्रेडिट त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात."

परिच्छेदाचा क्रमांक, अडचण, तिचं कारण, बदली मजकूर, आकड्यावरचा परिणाम. या पाच गोष्टी असल्या की तुमच्या सूचनेला टाळणं अवघड होतं. बदली मजकूर तर कधीही गाळू नका. मसुदा लिहिणारा माणूस शेवटच्या आठवड्यात थकलेला असतो, त्याच्या हाती तयार वाक्य असेल तर ते आत जाण्याची शक्यता वाढते.

आणि तुमच्या संस्थेला तोट्याची सूचनाही पाठवा, ती खरी असेल तर. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण आहे, मला ठाऊक आहे. वरच्या उदाहरणातली सूचना चुलींचा प्रकल्प करणाऱ्यानेच पाठवली तर तिचं वजन दहापट होतं.

पायरी सहावी: स्वतःची सुधारणा मांडायची असेल तर

आधी तपासा की सुधारणेची खरंच गरज आहे का. पुष्कळदा खुलाशाचा अर्ज पुरतो आणि तो फार लवकर निकाली निघतो. सुधारणाच हवी असेल तर एका वेळी एकच विषय घ्या. पात्रतेची अट सैल करणं, नवा ठोक आकडा (प्रत्येक ठिकाणी न मोजता सरसकट वापरायचा आकडा) आणणं आणि मोजमापाची रीत बदलणं, हे तिन्ही एकत्र नेले तर कोणत्याही एकावरचा वाद तिघांना अडकवून ठेवतो.

प्रत्येक ठोक आकड्यामागे पुरावा जोडा: कुठे मोजला, किती नमुने, किती अनिश्चितता. सीडीएमच्या नमुना-नियमांत छोट्या प्रकल्पांसाठी ९० टक्के विश्वास आणि १० टक्के अचूकता, मोठ्यांसाठी ९५ आणि १० अशी अपेक्षा असते. तुमच्या आकड्याचा पुरावा त्याहून कच्चा असेल तर तो मागे येणार हे धरून चाला. जिथे शंका असेल तिथे क्रेडिट कमी येतील असा आकडा निवडा. यालाच सावधपणाचं तत्त्व म्हणतात, आणि तपासणारा सगळ्यात आधी तेच शोधतो. मसुद्याची स्वच्छ प्रत आणि खुणांची प्रत, दोन्ही द्या. बदललेल्या प्रत्येक परिच्छेदासमोर दोन ओळींत कारण लिहा. वर्ष-दीड वर्ष लागेल असं धरूनच प्रकल्पाचं वेळापत्रक आखा, आणि मंजुरी मिळेलच या भरवशावर कुणालाही क्रेडिटचा शब्द देऊ नका.

मसुद्यावर आलेल्या हरकतींना उत्तर देताना सगळ्यात बोचणारी हरकत पहिल्यांदा घ्या. ती पाठवणारा बहुधा तुमच्या मसुद्याचा सर्वांत काळजीपूर्वक वाचक असतो.

मंजुरीनंतरचा आठवडा

अंतिम कार्यपद्धती प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यासोबत बऱ्याचदा हरकतींवरच्या उत्तरांचा दस्तऐवजही येतो. तो कुणी फारसं वाचत नाही. तुम्ही वाचा. आपली सूचना शोधा, मग इतरांच्या. कोणती मान्य झाली, कोणती "पुढच्या आवृत्तीत विचार करू" म्हणून बाजूला ठेवली गेली, ते वेगळ्या पानावर उतरवून ठेवा. पुढची आवृत्ती बहुतेक त्या बाजूला ठेवलेल्या यादीतूनच सुरू होते, आणि तिच्या मसुद्यासाठीचे तीस दिवस सुरू होतील तेव्हा तुमचं अर्धं टिपण तयार असेल.